तांबं, पितळ की कासं? भांडं घेण्याआधी धातू ओळखायला शिका

तांब्याचा बंब, पितळेची समई आणि काशाची वाटी या तिन्हींत सगळ्यात जास्त भाग तांब्याचाच असतो. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ होतं, कथील मिसळलं की कासं. घरातल्या भांड्यांच्या पितळेत साधारण ६० ते ७० टक्के तांबं आणि बाकीचं जस्त असतं. चांगल्या काशात ७८ टक्क्यांच्या आसपास तांबं आणि २२ टक्क्यांच्या आसपास कथील असतं. तांब्याच्या जोडीला कोण आलंय हे एकदा कळलं, की भांड्याचा रंग, आवाज, भाव, त्यात काय शिजवायचं आणि काय चुकूनही ठेवायचं नाही हे सगळं आपोआप उलगडतं. म्हणून भांड्यांच्या दुकानात भाव विचारण्याआधी 'यात काय मिसळलंय?' हे विचारायची सवय लावा. उत्तर देताना दुकानदार घुटमळला तर खालच्या कसोट्या उपयोगी पडतील.

पहिली कसोटी: रंग आणि आवाज

रंग बघायचा तर भांडं दुकानाच्या पिवळ्या दिव्याखालून उचलून दारात, उजेडात आणा. चिंचेनं घासलेलं तांबं गुलाबी-लाल दिसतं, त्यात चूक होत नाही. पितळेचा रंग जस्तावर ठरतो. जस्त १५-२० टक्के असेल तर रंग लालसर सोनेरी, तीसच्या आसपास गेलं की पिवळाधमक. कासं दोघांपेक्षा फिकं असतं आणि त्याच्या सोनेरीत किंचित करडी झाक असते. पितळेची आणि काशाची वाटी शेजारी शेजारी ठेवली की नवख्या माणसालाही फरक कळतो. एकटी वाटी समोर असेल तर मात्र डोळ्यांवर फार विसंबू नका.

मग कान लावा. वाटी तीन बोटांच्या टोकांवर तोला, तिच्या कडेला लाकडी चमच्यानं हलकेच टिचकी मारा. कासं खणखणीत वाजतं आणि नाद बराच वेळ रेंगाळतो. पितळ वाजून लवकर शांत होतं. तांबं मऊ, त्यामुळे ते नुसतंच 'ठक्' करतं. काशाच्या भांड्याचा आवाज बद्द आला तर त्याला केसाएवढी चीर गेलेली असण्याची दाट शक्यता आहे. असं भांडं घेऊ नका, कासं सांधायला फार कठीण.

याच नादामुळे घंटा काशाच्या जातीच्या मिश्रधातूची ओततात, आणि चांगले टाळ-झांजाही काशाच्याच. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या. त्यांतली एक नाशिकला नारोशंकराच्या देवळावर आणि एक वाईजवळ मेणवलीला आजही आहे. भजनासाठी टाळ घेत असाल तर दोन जोड्या वाजवून बघा. पितळी टाळ स्वस्त असतो, पण त्याचा आवाज मृदंगाखाली बुडतो.

दुसरी कसोटी: चुंबक आणि खरवड

फ्रिजवरचं साधं चुंबक खिशात ठेवा. तांबं, पितळ, कासं यांतल्या कशालाच चुंबक चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर मुलामा. चिकटलं नाही म्हणून मात्र भांडं खरं ठरत नाही, कारण ॲल्युमिनियमला आणि बऱ्याचशा स्टीललाही चुंबक चिकटत नाही.

त्यासाठी बुडाला, न दिसणाऱ्या जागी, दुकानदाराला विचारून बारीक कानस फिरवा. तांब्याचा नुसता मुलामा असेल तर दोन हातांतच पितळ उघडं पडतं. घासताना भांड्यावर लॅकरचा पारदर्शक थर आहे का तेही कळतं. शोभेच्या वस्तूंना तो हवाच, चकाकी टिकते. पण पाणी पिण्याच्या तांब्याला किंवा बाटलीला आतून लॅकर असेल तर पाण्याचा आणि तांब्याचा संबंधच येत नाही, शिवाय पुढे तो सोलून पाण्यात येतो.

तिसरी कसोटी: पाण्यातलं वजन

ही घरी करायची, आणि मला सगळ्यांत जास्त भरवशाची वाटते. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा पुरतो. समजा तुमच्याकडे तांब्याचा म्हणून दिलेला गडू आहे आणि त्याचं कोरडं वजन ५०० ग्रॅम भरतं. आता काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून काटा शून्यावर आणा. गडूला दोरा बांधा आणि तो पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला किंवा बाजूला टेकणार नाही असा हातानं लोंबता धरा. गडू आधी पाण्यात आडवा करून आतली हवा निघून जाऊ द्या, नाहीतर सगळं गणित चुकतं. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी गडूनं बाजूला सारलंय.

कोरड्या वजनाला त्या आकड्यानं भागा. शुद्ध तांब्याची घनता ८.९६, तेव्हा ५०० ग्रॅमच्या गडूला काटा ५६ दाखवायला हवा. पितळेची घनता साडेआठच्या आसपास, म्हणजे आकडा ५९ च्या जवळ येईल. स्टील असेल तर ६३-६४, आणि ॲल्युमिनियमला रंग दिलेला असेल तर थेट १८५. भांडं जितकं जड तितकं उत्तर नेमकं. शंभर ग्रॅमच्या वाटीवर हा प्रयोग करू नका, तिथं एका ग्रॅमची चूकसुद्धा तांब्याला पितळ ठरवते. आणि पितळ की कासं हा वाद या रीतीनं सुटत नाही, दोघांच्या घनता फार जवळजवळ आहेत. तिथं कानच खरा. पैसा मोठा गुंतत असेल तर धातू तपासणाऱ्या प्रयोगशाळेत एक्स-रे यंत्राखाली भांडं न कापता प्रत्येक धातूची टक्केवारी मिळते.

भावावरूनही बरंच कळतं

कथील तांब्यापेक्षा पुष्कळ महाग आणि जस्त तांब्यापेक्षा पुष्कळ स्वस्त. त्यामुळे किलोचा भाव काशाचा सगळ्यांत जास्त, मग तांब्याचा, मग पितळेचा, हा क्रम सहसा मोडत नाही. काशात मजुरीही जास्त पडते. एवढं कथील असलेला धातू थंड असताना ठोकला तर तडकतो. तो लालभडक तापवून ठोकावा लागतो, थंड झाला की पुन्हा भट्टीत, आणि शेवटी तापलेला असतानाच पाण्यात बुडवतात. पोलाद असं बुडवलं की कडक होतं, काशाचं उलट आहे. सावकाश निवू दिलं तर ते जास्त ठिसूळ होतं.

तेव्हा पितळेच्या भावात 'शुद्ध कासं' कुणी देऊ केलं, आणि ते मशिनवर दाबलेलं, पातळ, एकसारखं गुळगुळीत असेल, तर ते पितळच समजा. खऱ्या काशाची कड हातानं दाबून वाकत नाही, आणि ताट फरशीवर पडलं तर पोचा येण्याऐवजी फुटतं. काशाचं ताट घेणाऱ्या प्रत्येकाला हे आधीच सांगायला हवं, पण दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

कोणत्या कामाला कोणता धातू

उष्णता वाहून नेण्यात या तिघांत तांब्याला तोड नाही. ही क्षमता मोजायच्या मापात तांबं ४०० च्या आसपास येतं, पितळ ११०-१२० वर, कासं त्याहून खाली आणि स्टेनलेस स्टील जेमतेम १५ वर. आंघोळीच्या पाण्याचा बंब तांब्याचा का असायचा ते यावरून कळेल. मधल्या नळीतल्या निखाऱ्यांची धग चहूबाजूंच्या पाण्यात झटकन उतरते. पुण्यात कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब, घंगाळी आणि हंडे घडत आले. तिथलं मठारकाम बघायला मुद्दाम जा. मठारणं म्हणजे गुळगुळीत हातोडीनं पत्र्यावर एकाशेजारी एक ठोके देत जाणं. ते खवले शोभेसाठी आहेत असं वाटतं, पण प्रत्येक ठोक्यागणिक मऊ तांबं कडक होत जातं आणि पातळ पत्र्याचा हंडाही चेपत नाही. हातानं मठारलेल्या भांड्यावर दोन ठोके अगदी सारखे नसतात. साच्यात दाबून काढलेल्या खवल्यांची ओळ मात्र आखल्यासारखी सरळ जाते, आणि त्या दाबानं पत्रा तेवढा कडकही होत नाही.

पितळ तांब्यापेक्षा कडक आणि स्वस्त. ते ओतायला सोपं, त्यात बारीक नक्षी चांगली उतरते. म्हणून समई, निरांजन, घंटी, पातेली, पराती, डबे पितळेचे. विदर्भात भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखलं जातं आणि नाशिकचा भांडी बाजार तर सगळ्यांना माहीत आहे. पुरण शिजवायला, दूध आटवायला जाड बुडाचं, कल्हईचं (आतून कथलाचा थर दिलेलं) पितळी पातेलं मला आजही स्टीलपेक्षा सरस वाटतं. स्टीलमध्ये ज्योतीच्या वरची जागा तेवढी करपते, पितळेत धग बुडभर पसरते.

कासं चुलीवर चढवू नका. ते जेवायला, वाढायला आणि पाय चोळायला. काशाच्या वाटीनं तळपायाला तूप किंवा तेल चोळलं की पाय काळे पडतात आणि 'उष्णता बाहेर आली' असं घरोघरी म्हणतात. तो काळेपणा धातू, तेल आणि घाम यांच्या प्रतिक्रियेतून येतो. चोळल्यानं आराम पडतो, झोप छान लागते, तेवढ्यासाठी ती वाटी घरात जरूर असावी. फक्त पाय किती काळे झाले यावरून अंगातली उष्णता मोजू नका.

याच कुळातले आणखी दोघंतिघं बाजारात भेटतात. हार्डवेअरच्या दुकानात व्हॉल्व्ह गनमेटलचा म्हणून देतात. त्यात तांब्याबरोबर कथील आणि थोडं जस्त असतं, आणि पाण्यात तो पितळेपेक्षा जास्त टिकतो. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, ते तांबं, जस्त आणि निकेल. २० रुपयांच्या नाण्याची पांढरी कड त्याचीच आहे, ६५ टक्के तांबं, १५ जस्त, २० निकेल. गावाकडे ज्याला जर्मनचं पातेलं म्हणतात ते मात्र ॲल्युमिनियमचं, त्याचा तांब्याशी संबंध नाही. दहाच्या नाण्याची सोनेरी कड तांबं आणि ॲल्युमिनियम यांच्या मिश्रणाची. पंचधातूची म्हणून मिळणारी मूर्ती बहुतेक वेळा पितळच असते. पूजेला त्यानं काही बिघडत नाही, फक्त पंचधातूचा भाव देऊ नका.

आंबट आणि दूध: इथं तडजोड नको

ताक कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवलं की कळकतं, हे आजी-पणजीच्या पिढीला कुणी शिकवावं लागत नव्हतं. आम्लामुळे तांबं सुटून अन्नात उतरतं. चव तुरट-कडवट होते, मळमळ आणि उलट्या होतात. ताक, दही, चिंचेची आमटी, सोलकढी, टोमॅटोचं सार, लोणचं, लिंबू-सरबत यांतलं काहीही कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत नको, घटकाभरसुद्धा नको. पंचामृतात दही आणि मध दोन्ही असतात, ते चांदीच्या किंवा स्टीलच्या वाटीत कालवा. काशात तांबं ७८ टक्के आहे हे विसरून काशाच्या वाटीत दही विरजू नका.

तान्ह्या मुलाच्या घरी तर याहून जास्त काळजी हवी. भारतात पूर्वी लहान मुलांचं यकृत निकामी करणारा एक आजार होता, बाल-यकृताचा सिरॉसिस. एक ते तीन वर्षांची मुलं त्यानं दगावत. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी ब्रिटिश सहकाऱ्यांबरोबर त्याचा माग काढला, आणि १९८३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचं म्हणणं प्रसिद्ध झालं. या मुलांना फार लवकर वरचं दूध सुरू केलेलं असे, आणि ते दूध कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात तापवून त्यातच ठेवलेलं असे. दूध आंबट नसलं तरी त्यातलं प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. तान्ह्या बाळाच्या यकृताला एवढं तांबं बाहेर टाकणं जमत नाही. पितळेची जागा स्टील-ॲल्युमिनियमनं घेतली, भांडी बदलण्याचा सल्ला घरोघर पोचला आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. आता जुनी पितळी भांडी पुन्हा हौसेनं घरात येत आहेत. येऊ देत, पण बाळाचं दूध त्यांत नको.

तांब्यातल्या पाण्याबद्दलही याच न्यायानं बोलायला हवं. तांब्याच्या पृष्ठभागावर जंतू मरतात हे खरं आहे. २००८ साली अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं तांबं आणि त्याचे मिश्रधातू जंतुनाशक पृष्ठभाग म्हणून नोंदवले. रात्री भरून ठेवलेलं साधं पाणी सकाळी प्यायला हरकत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला २ मिलिग्रॅम तांबं, आणि भारतीय मानक १.५ पर्यंत चालवून घेतं. साधं पाणी रात्रभर ठेवून ही मर्यादा सहसा ओलांडली जात नाही. त्यात लिंबू पिळलं, किंवा तेच पाणी दिवसेंदिवस न बदलता ठेवलं, तर गोष्ट वेगळी. विल्सनचा आजार असणाऱ्यांच्या अंगात तांबं साठत जातं, त्यांनी तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिऊच नये.

कल्हई कशी करून घ्यावी

कल्हई म्हणजे भांड्याला आतून दिलेला कथलाचा पातळ थर. कल्हईवाला भांडं आधी घासून लख्ख करतो, भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकतो. पांढरा धूर उठतो आणि धातूवरचा मळ, गंज सुटतो. लगेच कथलाची कांडी टेकवतो, ती लोण्यासारखी वितळते, आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील आतून सगळीकडे फिरवतो. हे तुमच्यासमोर करून घ्या. कथील शुद्ध आहे ना, त्यात शिसं नाही ना, हे स्पष्ट विचारा. डाख (सांधा जोडायला वितळवून लावलेला धातू) लावलेल्या जुन्या भांड्यांबाबतही सावध राहा, सांध्यातल्या जुन्या डाखात शिसं असू शकतं. अशा भांड्यात रोप लावा, स्वयंपाक नको.

कथील २३२ अंशांना वितळतं. म्हणून कल्हईचं रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही. आधी पाणी किंवा तेल, मग गॅस. मध्यम आचेवर फोडणी चालते, पण शेंगदाणे किंवा रवा कोरडा भाजायला लोखंडी कढईच घ्या. डाव लाकडी वापरा आणि तारेची घासणी लांब ठेवा. आतून लालसर किंवा पिवळे डाग दिसायला लागले की कल्हई गेली, महिने मोजत बसू नका. रोजच्या वापरात वर्षातून एक-दोनदा करावी लागतेच. कल्हईवाल्याची हाक आता गल्लीत क्वचितच ऐकू येते, पण भांड्यांच्या जुन्या बाजारपेठांत चौकशी केली की सापडतो.

घासणं आणि ठेवणं

तांब्या-पितळेला चिंच, आमसुलाचं पाणी किंवा लिंबू-मीठ, जे घरात असेल ते. पितांबरीही चालते. आंबट लावून भांडं तासभर विसरू नका. पितळेतून जस्त आधी सुटतं आणि गुलाबी चट्टे राहतात, ते घासून जात नाहीत. चांगलं खळबळून धुवा आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसा, पाण्याचा थेंब सुकला की डाग पडतो. काशाला फार आंबट लावू नका, साधा साबण आणि अधूनमधून बारीक राख पुरे. आत हिरवा थर आला असेल तर तो पूर्ण निघेपर्यंत त्या भांड्यात काही खायचं-प्यायचं नाही.

खरेदीच्या दिवशी

भांडं तुमच्यासमोर वजन करून घ्या. हँडल, कडी, झाकणाची मूठ दुसऱ्या धातूची असेल तर ती कोणत्या भावानं धरली ते विचारा. जुनी भांडी मोडीत देणार असाल तर मोडीचा भाव आणि नव्याचा भाव वेगवेगळे लिहून घ्या, मजुरी त्यात धरली आहे की वेगळी तेही. बिलावर नुसतं 'भांडी' नको, 'तांबे', 'पितळ' किंवा 'कासे' असं धातूचं नाव आणि वजन लिहायला लावा. माळ्यावरचा आजीचा हंडा मोडीत घालण्याआधी तो मठारलेला आहे का ते बघा. मोडीत त्याला फक्त धातूचा भाव मिळतो, हाताच्या कामाचा एक पैसाही मिळत नाही. त्यापेक्षा पोचा काढून, कल्हई करून तो वापरात आणणं सहसा स्वस्त पडतं.